काठ

धोबी तलावाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका जमा होतात
आणि मी प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधते,
इस्त्रीला आलेल्या शर्टाला बांधतात तशी.
परकार मिस्त्री म्हणतात, बाई,
तलाव बुजला, धोबी गेले,
धंदा तोच राहिला.

अशाच एका एप्रिलात त्रिलोकेकर आले.
सोलापुरी चादरीत आजोबांची रायफल,
पोटाखाली लोखंडाचं कडं असलेली.
ते खाली ओढायचं, वर मारायचं,
खट् आणि खटाक्.
म्हणाले, हिची काडतुसं आता मिळत नाहीत.
पिस्तुलाची मिळतात. तेवढी हिला खाता येतील असं काही करा.

खाता येतील, म्हणाले.
दात पडलेल्या म्हातारीला मऊ भात टाकावा, तसं.

परकार हसले नाहीत.
आतून पितळेचे काही नग आणले, बिनदारूचे, पोकळ,
शिकाऊ पोरांना दाखवायचे.
त्यातले दोन माझ्या नोंदवहीवर उभे केले.
एकाच्या बुडाला काठ,
नखाला जाणवेल, डोळ्याला नाही, एवढाच.
दुसऱ्याला तोही नाही. बुडाशी नुसती खाच,
बाकी सरळ, गुळगुळीत,
घाईतल्या माणसाने दाढी करावी तसं.

"हिची जीभ काठ ओळखते, साहेब.
काडतूस आत जातं, काठाशी अडतं,
उंबऱ्याशी पाहुणा थांबतो ना, तसं.
फुटलं की त्याच काठाला धरून ही त्याला बाहेर काढते.
आणि हे दुसरं
तोंडावर थांबतं. त्याची रीतच निराळी.
नुसती नळी बदलून भूक बदलत नाही."

त्रिलोकेकरांना पटलं नाही. मग करून दाखवलं.
तीन पोकळ नग, तिन्ही बिनकाठाचे.
पहिला तिरपा झाला.
दुसरा मधेच बसला, रुसलेल्या जावयासारखा.
तिसरा टणकन उडून कपाटाखाली.
कडक इस्त्रीच्या सफारीत त्रिलोकेकर ओणवे झाले,
हात खांद्यापर्यंत आत घातला,
आणि धुळीसकट वर आलं
पाकळ्यांच्या काठाचं दहा पैशाचं नाणं.
बराच वेळ ते नाणं अंगठ्याने फिरवत राहिले.
"हेही कुणी घेत नाही आता," म्हणाले.

मी नोंदवही पुढे केली.
परवान्यावर जो बोअर लिहिलाय तोच, दुसरा चालत नाही.
'बदल' या रकान्यात मी आडवी रेघ मारली.

माझी आत्या, काका गेल्यावर,
एका दुपारी कात्री घेऊन बसली
आणि सगळ्या लुगड्यांचे काठ उतरवले.
गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवले.
आई रडली. आत्या म्हणाली,
बरंय. आता कशात अडकायला नको.
खरंच कुठे अडकली नाही ती.
कुणाला धरताही आली नाही.

निकाल लागले, बंदुका घरोघर गेल्या.
एकच चिठ्ठी राहिली.
फोन केला की त्रिलोकेकर म्हणतात, पुढच्या आठवड्यात.
शनिवारी परकार तिला तेल देतात,
रिकामीच चालवून बघतात, खट् आणि खटाक्,
म्हणतात, भूक शाबूत आहे.

ते दोन नग माझ्या टेबलावरच राहिलेत.
गिऱ्हाईक नसलं की मी बोटाने ढकलते.
काठाचं आहे ते वळतं,
शाईच्या बाटलीला वळसा घालून
गोल फिरून माझ्याच हाताशी येतं.
दुसरं सरळ जातं.
टेबलाची कड येते.
मी दर वेळी
खाली हात धरते.