तीन मिलिमीटर

हेत्वी लॅपटॉप उघडाच घेऊन आली.
"मॅडम, कोपऱ्यात लाल येतंय.
मेश बारीक केली तर वाढलं.
आणखी बारीक केली तर आणखी."
पडद्यावर एक आधार, पाइपाला धरून बसलेला.
त्या पाइपातून कधीतरी जड पाणी धावेल,
इथून दूर, समुद्राकाठच्या अणुभट्टीत.
तोवर आम्ही मकरपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर बसून
त्याच्याखाली भूकंप घडवतो,
चहाच्या आधी एक, जेवणानंतर एक.

मी तिला तेच सांगितलं, जे दर बॅचला सांगते:
आतल्या काटकोनी कोपऱ्यात
जितकं बारीक बघशील तितका ताण चढेल.
त्याला वरची हद्द नाही.
आकडा खोटा नाही म्हणता येत, खराही नाही.
चल, खरा कोपरा बघू.

शॉपमध्ये नारसिंगभाई राठवा काच वर करून बसलेले,
मांडीवर डबा, डब्यात मक्याचा रोटला.
ड्रॉइंगवर कोपरा धारदार आहे, म्हटलं मी.
ते हसले. "बेन, धार कोण राखे?"
आणि अंगठा वेल्डवरून असा फिरवला
जसा कुणी मुलाच्या भुवईवरून फिरवावा.
मी गेजची पाती एकेक लावून पाहिली.
तीनच्या पात्याखालून उजेड येईना.

परत येताना हेत्वी काहीतरी विचारत होती.
मी फत्तेगंजच्या तिसऱ्या मजल्यावर होते,
दोन हजार एक, सव्वीस जानेवारी,
टीव्हीवर संचलन, गॅसवर दूध,
हे कोयलीला पहिल्या पाळीला.
पंखा आधी हलला की कपाट, ते आता आठवत नाही.
एकोणचाळीस पायऱ्या मी अनवाणी उतरले.
खाली रस्त्यावर दिघेकाकूंनी एकच शब्द विचारला:
"सासूबाई?"

त्या आल्या. चपला घालून,
दाराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला.
"गॅस बंद करून आले," म्हणाल्या,
"दूध उतू गेलं असतं."
माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "काच लागेल गं."
पुढची तेरा वर्षं त्या विषयावर
त्यांनी अवाक्षर काढलं नाही.
मीही नाही.

त्यानंतर मी हे काम शिकले.
भूकंप आला की भट्टी कशी सावकाश,
काही न सांडता, बंद व्हावी,
त्याची पानंच्या पानं लिहिली, तपासली, परत पाठवली.
आणि रात्री, झोप येत नसली की,
त्या सकाळची मेश बारीक करत बसते.
आधी मिनिटं.
मग सेकंद.
मग स्वयंपाकघराच्या दारापाशी
माझी मान वळली होती की नाही, ते पाव सेकंद.
दर वेळी लाल. दर वेळी आणखी.

हेत्वीने मॉडेलमध्ये कोपरा गोल केला, तीन मिलिमीटर.
ताण उतरला. एकशे एक्केचाळीस.
मुभा एकशे पासष्टची.
मेश निम्मी केली, पुन्हा निम्मी केली,
एकशे एक्केचाळीसच.
तिने खुर्चीतच गिरकी घेतली.

ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहिलं:
'आतला कोपरा गोल करणे, त्रिज्या किमान ३ मि.मी.'
नारसिंगभाई मार्चमध्ये निवृत्त होतात.
त्यांच्या जागी येणाऱ्याचा अंगठा
कसा असेल, मला माहीत नाही.

'तपासले'च्या चौकोनात मी सही केली.
हेत्वी अजून तिथेच उभी.
"पण मॅडम, याच्याआधी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
मग राठवाकाकांना कुणी सांगितलं?"

कुणीच नाही, म्हटलं मी,
आणि पेनाचं टोपण
टेबलाखाली बराच वेळ शोधत राहिले.