कीस

जळगावच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या मागं
आमची छपाईची शेड.
मी तिथं अक्षरं लावतो.
लावतो म्हणजे आता माऊसनं ओढतो,
पण 'ळ' आला की बोटं अजून
खिळा चाचपतात.

वैशाखात सुगनशेठ नवीन काम घेऊन आले.
किसलेलं चीज, दोनशे ग्रॅम.
"पिवळ्यावर लाल. आणि मागं गाय."
कुठली गाय?
"कुठलीही. हिरवळीवरची."
हिरवळ मी नेटवरून उतरवली.
मेहरूण तळ्याच्या काठी एवढं हिरवं
भाद्रपदातही नसतं.

मग अक्षरं.
'चीज' बहात्तर पॉइंट, जाड.
त्याच्या कानाशी 'चवीचं', अकरा.
'शंभर टक्के'च्या डोक्यावर एक बारीक तारा.
त्या ताऱ्याचा माग काढत गेलात
तर पाकिटाच्या घडीत,
जिथं गरम पट्टीनं चिकटवतात
तिथं तो मावळतो.
काय काय घातलंय ते पाठीमागं, तळाला.
"नियमात बसू दे," शेठ म्हणाले,
"डोळ्यांत बसायला नको."

पामतेल. मक्याचं स्टार्च. सेल्युलोज.
एकेक शब्द सरकवत, दाबत, बारीक करत गेलो.
शब्दांचा कीस काढणं म्हणतात
ते मी पगारावर केलं.

सेल्युलोज म्हणजे काय, ते रात्री शोधलं.
लाकडाचा लगदा,
नाहीतर सरकीला चिकटून राहते ती लव.
म्हणजे आमचीच कपाशी असायची,
गाठीत न मावलेली,
कुठंकुठं धुतली जाऊन
पांढरीफेक होऊन परत आलेली.
अंगावर घालायची ती अंगी लागायला आली.
आणि लागतही नाही म्हणे.
जशी जाते तशी बाहेर.

नमुन्याची चार पाकिटं घरी आणली होती.
चारुता आठवीत. शाळेत आयोडीनचा प्रयोग:
बटाटा निळा, भात निळा, पोळी निळी.
दुधाचं काही निळं व्हायचं नाही,
बाई म्हणाल्या,
तर हिनं डबा उघडून
चिमूटभर चीज पुढं केलं.
काळंनिळं झालं,
दारात बोट चेंगरावं तसं.

घरी आल्यावर पाकीट उलटं धरून म्हणाली,
"हे तुम्हीच लिहिलंय ना?"
लिहिलं नाही गं. लावलं.
"मग एवढं लहान का लावलं?"
पंखा चालू होता. भाजीला फोडणी बसत होती.
मी म्हणालो, जागा नव्हती.
गाईला होती.

आमच्या लहानपणी ममुराबादचा रूपचंद
दूध घालायला यायचा.
एखाद्या सकाळी सायकल टेकवायच्या आतच
ओट्यावरून ओरडायचा,
"आज पानी शे, माय. म्हैस आटी गई.
लेनं व्हई ते ल्या!"
सगळ्या आळीला ऐकू जायचं.
आई दोन आणे कमी द्यायची,
चहा जरा जास्त उकळू द्यायची.
शेजारच्या बऱ्हाटेकाकू तरीही म्हणायच्या,
हा रोजच घालत असेल, सांगतो एखाद्या दिवशी.
असेलही.
पण सांगायचा तो बहात्तर पॉइंटात.

बावीस वर्षं झाली या शेडमध्ये.
कष्टाचं चीज व्हावं म्हणतात.
झालं.
दोनशे ग्रॅमचं, कोरड्या जागी ठेवावं असं,
तव्यावर टाकलं तर वितळत नाही,
करपतं.

परवा दुसरी खेप छापायला आली.
शेठ बँकेत गेले होते.
स्टार्चला मी अर्धा पॉइंट वाढवला.
मग तारा धरला
आणि दोन मिलिमीटर वर घेतला,
घडीच्या अलीकडं.
एवढंच.
चाळीस हजार पाकिटं गेली
धुळ्याला, नंदुरबारला, कुठंकुठं.

अजून कुणाचा फोन आलेला नाही.
शेठचाही नाही.