टेल

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली,
पेनाच्या टोकानं दाखवलं :
इथं, इथं, आणि हे इथलं सगळं.
पांढरं.
मला वाटलं, खार फुटलीय,
नदीकाठच्या रानात फुटते तशी.
"रानात पाणी जास्त होतं, काका.
इथं कमी पडतंय," त्या म्हणाल्या.
शेतकऱ्याच्या घरच्या असणार.
मोठ्या रक्तवाहिन्या ठीक आहेत म्हणे.
केसासारख्या बारीक, आत खोल गेलेल्या,
त्या आवळत चालल्यात.

एकतीस वर्षं कालव्यावर काढली मी.
हे मला समजवायची गरज नव्हती.
मेन कालवा तुडुंब, वितरिका वाहती,
आणि पोटचारीच्या शेवटी
खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून
रात्रभर वाट बघणारा माणूस.

तेव्हा दिवसाला आठ मैल व्हायचे,
भरावावरून, सायकल हातात धरून.
गेजपट्टी वाचायची, आकडा लिहायचा, पुढं.
आता सोप्यातून मोरीपर्यंत बावीस पावलं.
परवा अठ्ठावीस भरली.
पाय दुखत नाहीत, हेच लोकांना पटत नाही.
खुर्चीत बसून म्हणाल तितके हलवून दाखवतो.
फक्त उंबऱ्याशी आलो की
फरशी तळवे धरून ठेवते.
धड निघतं,
पाय राहतात.

राजमतीनं उपाय काढला.
रोज पहाटे रांगोळीच्या रेघा ओढते
खोलीतून मोरीकडं, वीत वीत सोडून.
फूल नाही, ठिपका नाही, नुसत्या आडव्या रेघा.
रेघ दिसली की पाय उचलतो.
का, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं,
मी विसरलो.
रात्री टाचा पांढऱ्या झालेल्या असतात.
ती ओल्या फडक्यानं पुसते,
भिलवडीत आज कोण वारलं ते सांगत.

शब्दांचंही तेच.
नातवाला दार उचलायच्या पान्ह्याची गोष्ट सांगत होतो.
"ते… ते लोखंडी… ते…"
तो हसला, आणि मला रडू फुटलं.
दुःख काही नव्हतं. नुसतं थांबेना.
पोरगं घाबरून आजीकडं पळालं.

गुरुवारी हट्टानं एकटाच डेअरीवर गेलो, किटली घेऊन.
दारातच रुतलो.
मागं रांग. "व्हा की म्होरं!"
कुणीतरी दंड धरला.
"ओढू नका, पडंन," मी म्हणालो,
"पुढं काहीतरी आडवं टाका."
कुणाला काही कळेना.
मग एका म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका काढला,
पीळ घालून माझ्या पायांपुढं आडवा ठेवला.
ओळखलं मी. बाबगोंडा.
नऊ नंबरच्या चारीचा शेवटचा माणूस.
कचेरीच्या पायरीवर बसलेला असायचा,
आणि मी आतूनच सांगायचो,
येतंय, वाटंत आहे पाणी.
तो पटक्याकडं बघत म्हणाला,
"येतंय साहेब. वाटंत आहे."
टोमणा होता का, कळलं नाही.
त्याच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही.
डावा पाय उचलला.
उजवा पटक्यावर पडला, मळला पटका.
त्यानं झटकून परत बांधला.

संध्याकाळी राजमतीला माळ्यावरच्या डायऱ्या काढायला लावल्या.
कसर लागलीय, पण अक्षर माझंच, ठाम.
पाळी दुसरी. चारी नऊ. टेल : पोचले.
पाळी तिसरी. चारी नऊ. टेल : पोचले.
खाली सही.
चारीच्या तोंडाशी उभा राहून लिहायचो हे,
एक पाय पेडलवर.
पुढं पाऊण मैल होता फक्त.
पाय चांगले होते तेव्हा.

राजमती विचारते, दिवा घालवू का?
थांब म्हणतो. अजून एक डायरी राहिलीय.
ती उद्याची रांगोळी चाळायला घेते.