कंसातले सेकंद

दौलतगंजात माझं टायपिंगचं दुकान होतं.
भाडेपट्टे, प्रतिज्ञापत्रं,
वडिलांच्या नावात चुकलेल्या अक्षरांची दुरुस्ती.
शितोळेबाई आल्या त्या भर दुपारी,
स्कूटर उन्हातच टाकून,
आणि काउंटरवर अठरा कॅसेटी ठेवल्या, रबरानं बांधलेल्या.
"जसं ऐकू येईल तसंच," म्हणाल्या,
"व्याकरण सुधारायचं नाही."

कंपूच्या मोठ्या इस्पितळात त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या,
आणि तास संपला की इंटर्न मुलांना
पुस्तकात नसलेलं विचारत फिरायच्या:
पहिला मृत्यू कुणाचा पाहिलास,
तेव्हा तुझे हात कुठे होते?

मी पेडल दाबायचो, मागे न्यायचो, पुन्हा दाबायचो.
मुरैन्याचा एक मुलगा बोलता बोलता थांबला.
मागे पंखा, कुणी ट्रॉली ढकलतंय, एक चिमणी.
ती जागा मी गाळली.
बाईंनी कागद परत केला.
"तो गप्प बसला ते कुठाय?"
गप्प बसणं कसं टाइप करतात, बाई?
मनगटावरचं घड्याळ काढून
त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.
"मोजा. कंसात लिहा."

(सात सेकंद)
मग तो म्हणाला होता,
"बेड का नंबर याद है. नाम नहीं."

भीतीला हिरवी पेन्सिल, लाजेला पिवळी.
जांभळी कशाला,
ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही,
पण तीच सगळ्यात आधी झिजली.

विभागाच्या बैठकीत हसले म्हणे सगळे.
अठराच? अठरांवर काय सिद्ध होतं?
गोष्टीच गोळा करायच्या तर पाटणकर बाजारात बाकडं टाका.
हे सांगताना बाई गजक मोडत होत्या,
ती नीट मोडेना म्हणून चिडल्या,
गजकेवर की त्यांच्यावर, मला कळलं नाही.

आणि अठरा म्हणजे खरं तर सतराच.
शेवटच्या कॅसेटमध्ये एक मुलगी
सुरुवातीलाच म्हणते, "मॅडम, बंद कर दीजिए."
खट्.
पुढे नुसती फीत.
त्या कॅसेटवर बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं,
इथे मोजू नका.
तरी कुणी विचारलं की त्या अठराच सांगायच्या.

लेख बाहेरदेशी छापून आला.
तळाशी, आभारांत, माझं नाव, एक अक्षर चुकून.
हजार नावं दुरुस्त केलेला मी,
ते तसंच राहू दिलं.

निवृत्तीच्या समारंभात पडद्यावर आलेख दाखवला,
कुठल्या कुठल्या देशांत किती जणांनी संदर्भ दिला त्याचा.
खालून वर चढत गेलेली निळी रेघ.
टाळ्या.
बाई पहिल्या रांगेत चष्मा पुसत होत्या,
पुसून झाला तरी पुसत होत्या.

त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

गेल्या मार्चात पोटदुखीनं मी तिथंच भरती झालो.
भिंडचा पोरगेला डॉक्टर, दोन रात्रींचा जागा,
फाइल चाळून निघालाच होता.
मग काय वाटलं कोण जाणे,
पायानंच स्टूल ओढलं, बसला.
"और?" म्हणाला.
आणि थांबला.

सवयीनं मी मोजायला लागलो.
चार. पाच.
शेजारच्या खाटेवर कुणी मोसंबी सोलत होतं.
नऊ.
अकराव्याला मी ते सांगितलं
जे बायकोलाही सांगितलं नव्हतं,
दिवाळीपासून काळं पडतंय ते.

त्यानं लिहून घेतलं.
मी विचारलं, हे असं थांबायला कुणी शिकवलं?
"हमारी सीनियर ऐसे ही बैठती थीं."
आणि तिला?
खांदे उडवले. "पता नहीं, अंकल."
शितोळे हे नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं.

सांगणार होतो,
तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डातून त्याला हाक आली.
स्टूल तिथंच राहिलं, वाटेत, तिरकं.
रात्री ड्यूटीवरची सिस्टर त्याला अडखळली,
शिवी पुटपुटली,
आणि उचलून बाराव्या खाटेपाशी ठेवून गेली.