उसवण

बेथेस्डाच्या खाणीत यंदा सरहद्द आली आहे.
ज्या दगडाच्या पाटीवर मी श्री गिरवला
त्याच दगडाचा हा वेल्समधला डोंगर,
त्यावर कागदाचा बर्फ, पंख्याचा वारा,
आणि काटेरी तार, तीही रबराची,
कुणाला ओरखडा नको म्हणून.

मी कपडेपटात.
बावन्न सदरे हिरवे, एकाच ताग्यातले.
सकाळी आपले, जेवणानंतर त्यांचे.
मधल्या पाऊण तासात
खांद्यावरची फीत उसवायची, दुसरी टाचायची.
ओल्डमचा बसड्रायव्हर जुल्फिकार
हात पसरून उभा राहतो, म्हणतो,
"हळू, ताई. या घटकेला मी कुणाचाच नाही."

पटकथेची एक प्रत
इस्त्रीच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहे.
पाऊस लागला तेव्हा काढून वाचली.
एक सरदारजी, हसवायला.
एक बशीर, पान एकोणचाळीसवर मरायला
आणि मरता मरता काय ते सिद्ध करायला.
एक मोरे, डब्यातल्या लाडवांपुरता.
बाई एकच, फोनच्या पलीकडे.
आणि तारेपलीकडच्यांना नावंच नाहीत:
पहिला, दुसरा, दाढीवाला.
पाय परत डुगडुगू लागला. ठेवून दिली.

टेकबहादूर पुन आल्डरशॉटहून आला,
रात्रभर गाड्या बदलत, स्वतःचे बूट घेऊन.
बावीस वर्षं खरी नोकरी,
गुडघ्यात एक तुकडा अजून तसाच.
सहायक पोरगा त्याच्याकडे बघत राहिला.
"काका, राग मानू नका,
तुम्ही आपल्यातले दिसत नाही.
पुढच्या वर्षी दुसऱ्या सीमेचा सिनेमा आहे,
त्यात पलीकडच्यांत घेऊ."

तो भांडला नाही.
तंबूत येऊन चहा प्यायला,
माझ्याकडे सुई मागितली,
आणि नायकाच्या सदऱ्याचं लोंबतं बटण लावलं.
चार टाके, मानेला दोन वेढे, गाठ आतून.
मी तीस वर्षं शिवते,
मला ती गाठ येत नाही.
"अंधारात शिकलो," म्हणाला,
आणि रिकामा कप विसळून उपडा ठेवून गेला.

दुपारी नायक उतारावरून धावला.
छाती फुगवली तशी बटणं पटापट उडाली
ठरल्याप्रमाणे.
एक नाही उडालं.
दिग्दर्शक ओरडला, परत घ्या.
परत घेतलं. नाही उडालं.
शेवटी कात्री घेऊन मला बोलावलं.
मी म्हटलं, कात्री सापडत नाही.
ती माझ्या खिशात होती.

रात्री धुण्याची यादी.
प्रत्येक कॉलरमागे नावाची चिंधी लागते,
नाहीतर घोळ होतो.
नायकाच्या कॉलरमागे
न पुसणाऱ्या शाईने मी लिहिलं: पुन.
तिथवर कॅमेरा जात नाही.
मानेला मात्र
जरा टोचत असणार.