करपलेला पाव

पहाटे चारला भट्टीत वाकतो तेव्हा
अर्धा मी आत असतो, अर्धा बाहेर.
कुताइसीत आता मोजकेच उरलेत
मातीच्या तापल्या भिंतीला हातानं पाव चिकटवणारे.
पहिला पाव करपतोच.
तेरा वर्षं तो मुरियाचा होता.

मुरिया गेला तरी रोज एक करपत राहिला.
मी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवायचो. मग चिमण्या.
शेजारची त्सियाला म्हणाली, "गायोझ, आच कमी कर."
आचेचा काय दोष.

मार्चमध्ये सुनेनं, मारेखनं, ही कुत्री आणली.
गावाबाहेरच्या आश्रयघरातली,
कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर पाच आकडे,
शेवटचा पुसलेला.
मी म्हटलं, मला नको.
"तुमच्यासाठी नाहीच आणली," म्हणाली,
आणि दोरी माझ्या हातात देऊन
बसथांब्याकडे निघून गेली.

हिला भट्टीची भीती.
हिला गिऱ्हाइकांचा राग, त्यातही टोपीवाल्यांचा.
मुरिया रिओनीच्या पुलापर्यंत पुढे पळायचा,
थांबून मागे बघायचा, येतोय ना म्हातारा.
ही माझ्या मागे, पोटरीला नाक लावून,
जणू मलाच कुणी परत न्यायला येणार आहे.

पाव खात नाही.
तोंडात धरते, घरभर जागा शोधत हिंडते,
आणि माझ्या गमबुटात नेऊन लपवते.
आठवडाभर मी बुरशीत पाय घालतोय.

काल पिठाचं पोतं ओढताना
सवयीनं तोंडातून गेलं, "मुरिया, सरक."
मी जागीच थिजलो.
वाटलं, आता ही कान टवकारेल,
शेपटी हलवत येईल,
आणि ते नाव तिचं होऊन जाईल.

तिनं मानसुद्धा वर केली नाही.
पंजा चाटत बसली.
शहाणी गं माझी बाई, म्हटलं,
आणि पोत्यावर बसून रडून घेतलं जरा.
पिठाच्या हातांनी डोळे पुसू नयेत,
हे चाळीस वर्षं पोरांना शिकवलंय मी.
पापण्यांवर कणीक झाली.

तेव्हा मात्र आली.
दोन्ही पाय माझ्या गुडघ्यांवर टाकून
सगळं चाटून साफ केलं.
भाजलेलं नको हिला,
कच्चं चालतं.

नाव अजून ठेवलेलं नाही.
काल चष्मा लावून बिल्ला नीट पाहिला:
शेवटचा आकडा तीन असावा,
किंवा आठ.