कागदाएवढी फट

टाकीच्या तळाला एरंडेल चिकटलं होतं,
लहानपणी नाक दाबून पाजलेलं, तेच.
इंजिनाच्या पोटात गेलं
की मिनिटाला तीस हजार फेरे.
उरलेलं इंधन ओतून दिलं नाही.
बाटलीत भरलं, फळीवर ठेवलं.

कोल्हापूरच्या एका पोरानं विकलेली बग्गी,
पुढचा टॉवर वाकलेला.
तो मी कुपवाडला, कारखान्यात,
जेवणाच्या सुट्टीत सरळ केला.
दोरी ओढायची. कधी तिसऱ्या झटक्याला, कधी तिसाव्या.
मग गल्लीतली कुत्री पत्र्याखाली
आणि दस्तगीरचाचा दुकानाबाहेर,
हातात कानस, मिशीवर हाडाची भुकटी,
अर्धी सतार आत ठेवून.

"जवारी बंद आहे अजून. सुई आवळ."
मी आवळायची.
"आता फार खुलली, जळेल."
कार्ब्युरेटरची सुई अशी त्यांच्या कानानं लागायची.
मागून मी थर्मामीटर धरायची, चोरून.
एकशे पाच. दर वेळी एकशे पाच.

मग समोरच्या दवाखान्याचं पत्र आलं,
लेटरहेडवर, शिक्क्यासकट.
आमचे ऑपरेशनचे पेशंट असतात, नम्र विनंती.
मिरजेत राहून दवाखान्याशी कोण भांडणार?
त्याच आठवड्यात पुण्याचा कुरिअरवालाही म्हणाला,
ताई, हे पेट घेतंय, पुढच्या वेळी नको.

तर मग इंजिन उतरवलं.
चार स्क्रू. त्यातला एक जुन्या तेलानं असा धरलेला
की डोक्याला सोल्डरिंगचं टोक लावून बसावं लागलं.
टाकी, सायलेन्सर, क्लचची घंटा, ब्रेकच्या चकत्या,
पेपरवर मांडत गेले.
आई म्हणाली, ताटापुरती तरी जागा ठेव.
तिच्या मसाल्याच्या ऑर्डरींचा काटा मी घेतला होता,
हे तिला नंतर कळलं.
डावी बाजू चाळीस ग्रॅम जड,
टाकीच्या जागी बॅटरी आली ना, चार सेलची.
कंट्रोलर उजवीकडं सरकवला.
मोटरसाठी भंगारातली ॲल्युमिनियमची पट्टी,
भोकं लांबट पाडली,
म्हणजे मोटर केसभर मागंपुढं होते.

पंधरा दातांचं एक चक्र, शेहेचाळीसचं दुसरं.
फार चिकटली तर गुरगुरतात,
फार लांब तर एकमेकांचे दात खातात.
मधे कागद धरायचा, मोटर आवळायची,
मग चक्र फिरवून कागद काढून घ्यायचा.
त्याची जाडी तेवढीच फट.
हाताशी दवाखान्याचं पत्र होतं.
चांगला कागद, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.
"नम्र विनंती"ची पट्टी कापली.
बाहेर आली ती बारीक जिन्यासारखी दुमडून.

रविवारी म्हैसाळ रस्त्याला,
प्लॉट पाडून विसरलेल्या माळावर गेलो.
चाचा स्कूटरवरून उतरलेच नाहीत.
"हिच्यात काय ऐकायचं मी?"

ट्रिगर दाबला.
दोरी नाही, धूर नाही,
बग्गी निघून गेली आणि माती मागं राहिली.
एक कुत्रं निवांत बसलेलं,
त्याच्या शेपटीला वारा लागला तेव्हा ते उठलं,
आणि माझ्या पोटात धस्स झालं.
आजवर त्यांना ती येताना कळायची.

वळून पाहिलं तर चाचांचे डोळे मिटलेले.
"मींड घेते ही," ते म्हणाले.
"खालून वर, मधे कुठं न तुटता.
तुझं ते इंजिन नुसतं ओरडायचं."
मी काहीच बोलले नाही. ते इंजिन मला आवडायचं.
"पण वर गेल्यावर किरकिरते. फट कमी पडली.
कागद जाड घे."
"कुठून आणू आता इथं?"

त्यांनी डिकी उघडली.
नातीच्या लग्नाच्या पत्रिका, गठ्ठाच,
वाटायला निघाले होते.
एक माझ्या हातात दिली.
"तुझीच आहे. काप,
फक्त तारीख सोड."